फोनमधला मास्तर

जून महिना नुकताच लागला होता. शाळा सुरू व्हायला आठ-दहा दिवस होते. रात्रीची जेवणे उरकल्यावर समाजमंदिरात आमचा वाचनवर्ग भरला होता. पंधरा-वीस माणसे होती. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. धडा संपला, पुस्तके मिटली, लोक उठू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, एक विचारू का?”

“विचारा की,” आम्ही म्हणालो.

“माझा पोरगा सातवी पास झाला. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पाच किलोमीटर लांब जायला लागतं. एसटीचा भरवसा नाही. सायकल घ्यायची तर पैसे पाहिजेत. पोरगा म्हणतो, आबा, सायकल नको, मला फोन द्या. सगळी शाळा आता फोनमधीच असते. गणिताचा फोटो काढला की उत्तर येतं. निबंध सांगितला की निबंध येतो. मग पाच किलोमीटर कशाला तुडवायचे? मला त्याचं पटतं बी आणि पटत बी नाही. तुम्ही काय म्हणता?”

उठलेली माणसे पुन्हा बसली. हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नव्हता. घरोघर तो चालू होता. खरे सांगायचे तर आमच्यापाशीही तयार उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, “आठ दिवस द्या. पुढल्या आठवड्यात बोलू.”

त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले, ज्याला-त्याला विचारले, ते या धड्यात सांगत आहोत.

शाळेत नवे साधन येणे ही काही आजची गोष्ट नाही. जुन्या काळी पंतोजींची शाळा असे. तिथे पुस्तक नव्हते, वही नव्हती. एका फळीवर बारीक धूळ पसरायची. काडीने त्यात अक्षर काढायचे. हाताने पुसायचे, पुन्हा काढायचे. ती धूळपाटी. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यावरूनच आला. कागद महाग होता. म्हणून सगळे पाठ करावे लागे. नुसते बे ते तीस एवढेच पाढे नव्हेत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. त्या पाढ्यांवर बाजारचा हिशोब बसल्या जागी तोंडी होई.

मग दगडी पाटी आली. मग छापील पुस्तक आले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत मराठी शाळांसाठी पुस्तके छापू लागले. बाळशास्त्री जांभेकरांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८३२ साली त्यांनी ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वर्तमानपत्र काढले. त्यांनी शाळेतल्या मुलांसाठीही पुस्तके लिहिली. पुढे १९६७ साली राज्यात ‘बालभारती’ ही संस्था निघाली आणि गावोगावच्या मुलांच्या हातात एकसारखे पुस्तक आले.

पुस्तक आले आणि औटकी गेली. आज ती किती जणांना येते? आमच्या वर्गात एका आजोबांना येते, बाकी कोणाला नाही. नव्या साधनाबरोबर काही येते, तसे काही जातेही. औटकी गेली म्हणून आम्ही रडत बसणार नाही. पण काय येते आणि काय जाते, हे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे, एवढेच.

शंभर वर्षांपूर्वी एक मोठा माणूस इथेच चुकला. अमेरिकेत एडिसन नावाचा शोधक होता. विजेचा दिवा घरोघर नेण्यात त्याचा मोठा हात. हलत्या चित्रांचे यंत्रही त्याने केले. १९१३ साली त्याने सांगून टाकले, की आता शाळेतून पुस्तके लवकरच जातील आणि मुले चित्रपटावर शिकतील. दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल, असे त्याचे म्हणणे. त्याला आता शंभराहून जास्त वर्षे झाली. पुस्तक तर अजून तुमच्या हातात आहे! एडिसन मूर्ख नव्हता. यंत्र काय दाखवील ते त्याला कळले होते. पोर कसे शिकते, तेवढे मात्र कळले नव्हते.

ते कसे कळावे? त्याचा एक चांगला दाखला आपल्याच भागातला आहे. तो मुलांचा नाही, मोठ्या माणसांचा आहे. पण शिकण्याची रीत मोठ्यांची आणि लहानांची फार वेगळी नसते.

१९५६ सालची ही गोष्ट आहे. तेव्हा महाराष्ट्र राज्य झाले नव्हते, आपण मुंबई राज्यात होतो. पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने एक प्रयोग केला. युनेस्को या जगातल्या मोठ्या संस्थेची त्याला मदत होती. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावे निवडली. प्रत्येक गावात वीस-एक माणसांची मंडळी जमवली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, रेडिओवर अर्धा तास कार्यक्रम लागे. शेती, आरोग्य, गावचा कारभार असे त्यात विषय. दहा आठवडे हे चालले.

आता खरी गंमत ऐका. कार्यक्रम संपला की मंडळींनी उठायचे नाही, असा नियम होता. रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचे. पटले का? नाही पटले तर का? आपल्या गावात ते जमेल का? शंका राहिली तर ती लिहून पुण्याला पाठवायची. तिचे उत्तर पुढे रेडिओवर मिळे.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्यांनी हुशारी केली. नुसती मंडळीवाली गावे पाहिली नाहीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळी नव्हती, अशीही काही गावे पाहिली. जिथे रेडिओच नव्हता, अशीही पाहिली. आधी लोकांना काय माहीत होते आणि नंतर काय माहीत झाले, हे सगळीकडे विचारले. काय दिसले? जिथे माणसे ऐकून बोलत होती, तिथे लोकांची माहिती खूप वाढली. जिथे नुसता रेडिओ वाजत होता, तिथे जवळजवळ काहीच वाढली नाही.

बघा, रेडिओ तोच. सांगणारा तोच. शब्दही तेच. एका गावात पेरलेले उगवले, दुसऱ्या गावात वरच्या वर वाहून गेले. फरक एवढाच, की एका गावात ऐकल्यानंतर माणसांनी स्वतः काही केले. डोके चालवले, तोंड चालवले, वाद घातला.

हे आमच्या डोक्यात पक्के बसले आहे. म्हणून आम्ही इथे जास्त थांबलो. पुढचे थोडक्यात सांगतो.

१९७५ साली आभाळातून टीव्ही आला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत त्यावरून कार्यक्रम दाखवले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. उसन्या बैलावर किती दिवस शेती करणार? पुढे आपल्या देशाने स्वतःचे उपग्रह केले. २००४ साली तर खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ नावाचा उपग्रह सोडला.

तरीही गावची शाळा होती तशीच राहिली. मास्तर, फळा, खडू आणि पुस्तक.

मग २०२० साल आले. ते साल कोण विसरेल? मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. पुढे किती तरी महिने बंदच राहिल्या. तेव्हा एका रात्रीत ठरले, की शाळा आता फोनवर. आता तुम्हीच आठवा. तुमच्या घरी तेव्हा फोन होता का? होता तर कोणाच्या खिशात होता? बाप फोन घेऊन कामाला गेला, की शाळा बापाबरोबर गेली! घरात तीन मुले आणि फोन एक. मुलाला मिळाला, मुलगी चुलीपाशी बसली. रेंज नाही म्हणून पोरे टेकडीवर चढून बसली. हे आम्ही पाहिले आहे.

पण त्या दिवसांत काही माणसांनी डोके लढवले. सोलापूरच्या नीलमनगर भागात कामगारांची वस्ती आहे. सगळ्यांकडे कुठले फोन? तिथल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरे, गणिते, चित्रे. मूल गल्लीतून चालले, तरी वाचत चालले. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने ध्वनिक्षेपक नेला. त्यावर धडा लावायचा आणि मुलांनी लांब-लांब बसून ऐकायचे. भिंत आणि भोंगा! फोनच्या मानाने किती साधी साधने. पण ती सगळ्यांची होती. त्यांना रिचार्ज लागत नव्हता.

शाळा बंद राहिल्याचा परिणाम काय झाला, हे ‘असर’ नावाच्या पाहणीत दिसते. प्रथम नावाची संस्था ही पाहणी करते. तिची माणसे देशातल्या खेड्यांत घरोघर जातात आणि मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचायला देतात. २०१८ साली पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे पन्नास मुलांना तो वाचता आला. २०२२ साली शंभरांत सुमारे त्रेचाळीसच वाचू शकली. शाळा पुन्हा भरू लागल्या. मग २०२४ साली तो आकडा पुन्हा एकोणपन्नासच्या आसपास आला.

फोन होता, धडे होते, तरी वाचन मागे गेले. शाळेचे दार उघडले, तसे ते पुढे आले. आम्हांला तर हे फार बोलके वाटते. शिवाय दुसरीही गोष्ट ध्यानात घ्या. पाचवीतली निम्मी मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत, हे काही करोनाने केलेले नाही. ते आधीपासून आहे. शाळेचे सगळे छान चालले होते आणि फोनने बिघडवले, असे म्हणणे खोटे होईल.

तर मग यंत्राचा काही उपयोग नाहीच का?

तसे नाही. सोलापूर जिल्ह्यातच माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक होते. शाळेतल्या काही मुलांची घरची भाषा कन्नड. मराठी पुस्तक त्यांच्या डोक्यावरून जाई. गुरुजींनी ती भाषा समजून घेतली. पाठ मुलांच्या बोलीत केले. आणि पुस्तकात चौकोनी ठिपक्यांची एक खूण छापली. तिला क्यूआर कोड म्हणतात. दुकानात पैसे द्यायला आपण फोन धरतो ना, तीच खूण. पुस्तकातल्या खुणेवर फोन धरला, की त्या धड्याची कविता ऐकू येते, गोष्ट दिसते. मूल घरी गेले तरी पुन्हा ऐकू शकते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर या खुणा आल्या. तुमच्या मुलाचे पुस्तक उघडून बघा, सापडेल. २०२० साली डिसले गुरुजींना शिक्षकांसाठीचे जगातले एक मोठे बक्षीस मिळाले. दहा लाख डॉलरचे. त्यांतले निम्मे पैसे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले.

बक्षीस ठिपक्यांच्या खुणेला मिळाले नाही, हे लक्षात घ्या. आधी त्या माणसाने मुलांची भाषा शिकून घेतली होती.

दुसरी बाजूही सांगतो. आम्ही एका शाळेत गेलो होतो. नाव सांगत नाही. भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यावर भरतकाम केलेले सुंदर कापड घातले होते. आम्ही विचारले, “बाई, टीव्ही दाखवता का हो?” बाई हसल्या. म्हणाल्या, “विजेचं बिल थकलं, मीटर काढून नेलं. आता धूळ बसू नये म्हणून कापड घातलंय.” टीव्ही देताना फोटो निघाले होते. वीजबिलाचा फोटो कोण काढणार!

आता त्या मुलाच्या फोनकडे येऊ.

रेडिओ, टीव्ही आणि ठिपक्यांची खूण ही सांगणारी साधने आहेत. ती बोलतात, आपण ऐकतो. पण गेल्या काही वर्षांत एक निराळे यंत्र आले आहे. ते उलट बोलते. त्याला विचारा, ते उत्तर देते. मराठीतही देते. २०२२ सालच्या नोव्हेंबरात अशा एका यंत्राची सुरुवात झाली, आणि आता अशी कित्येक आहेत. त्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. नाव मोठे आहे. काम समजायला तितके अवघड नाही.

कोणी म्हटले, “आंधळा मागतो एक डोळा,” तर तुम्ही पुढे काय म्हणाल? “देव देतो दोन.” न विचारता तोंडात येते. कारण ते शब्द पाठोपाठ येताना तुम्ही शेकडो वेळा ऐकले आहेत. हे यंत्र तसेच करते. त्याच्या पोटात जगातला अफाट मजकूर घातलेला असतो. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत ते बोलत जाते. अंदाज इतका चांगला असतो, की पुष्कळदा उत्तर बरोबर येते. पण अंदाज तो अंदाज. आम्ही त्याला औटकी विचारली. बेट्याने साडेतीनाचा पाढा नीट म्हटला. मग आमच्या गावच्या जत्रेचा दिवस विचारला. त्याने असा ठणठणीत दिवस सांगितला, की आम्हांलाच क्षणभर शंका आली! त्या दिवशी आमच्याकडे कधीच जत्रा नसते. माहीत नसले म्हणजे माणूस अडखळतो, डोके खाजवतो. हे यंत्र पुष्कळदा अडखळतच नाही. म्हणून जरा जपून.

पण चूक ही काही फार मोठी अडचण नाही. यंत्रे सुधारतील, चुका कमी होतील. मोठी अडचण ते बरोबर उत्तर देते तेव्हाची आहे.

ही गोष्ट शेतकऱ्याला चटकन कळावी. आपल्या आज्याने मोट हाकली. पहाटेपासून बैल, नाडा, सोंदूर. मग इंजिन आले, विजेचा पंप आला. आता बटण दाबले की पाणी. मोट गेली म्हणून कोणी हळहळत नाही. का? आपल्याला पाणी पाहिजे होते. कष्ट नको होते. कष्ट वाचले, पाणी मिळाले, फायदा झाला.

आता तालमीत चला. पोरगा जोर मारतो, बैठका काढतो, घाम गाळतो. समजा कोणी एक यंत्र आणले आणि म्हणाले, “पहिलवान, तुम्ही बसा. हे यंत्र तुमच्या वाटणीच्या पाचशे बैठका काढील.” यंत्राने बैठका काढल्या. आकडा पुरा झाला. वस्ताद खूश झाले. पण मांडी कोणाची भरली?

शाळा ही मोटेसारखी नाही, तालमीसारखी आहे. गणिताच्या गुरुजींना ते उत्तर नको असते. त्यांना उत्तर आधीच माहीत आहे! निबंधाची जगाला गरज नाही. ‘माझा आवडता सण’ या निबंधावाचून कोणाचे काय अडले आहे? तो लिहिताना मुलाच्या डोक्याला जो व्यायाम होतो, त्यासाठी सारा खटाटोप. तो व्यायामच यंत्राने केला, तर वही भरते आणि पोर रिकामे राहते.

हा नुसता आमचा तर्क नाही. तुर्कस्तानात एका मोठ्या शाळेत हजाराच्या आसपास मुलांवर याची परीक्षा झाली. २०२४ साली तिची हकिकत बाहेर आली. मुलांचे तीन भाग केले. पहिल्या भागाने नुसते पुस्तक आणि वही घेऊन गणिताचा सराव केला. दुसऱ्या भागाला उत्तर देणारे यंत्र दिले. तिसऱ्या भागालाही यंत्र दिले, पण ते उत्तर सांगत नव्हते. “इथवर बरोबर आलास, आता पुढची पायरी विचार कर,” असे म्हणून नुसती खूण पटवून देत होते. सरावाच्या वेळी यंत्रवाली मुले फार पुढे होती. मग यंत्र काढून घेतले आणि परीक्षा घेतली. उत्तर देणारे यंत्र ज्यांच्यापाशी होते, ती मुले नुसत्या पुस्तकवाल्या मुलांपेक्षाही मागे पडली. तिसऱ्या भागातल्या मुलांचे तसे नुकसान झाले नाही.

म्हणजे यंत्र एकच. ते उत्तर देते की मुलाकडून उत्तर काढवते, यावर सगळे आले. चांगले मास्तर दुसरे काय करतात? ते उत्तर ठाऊक असून गप्प बसतात.

यातून पुढची शाळा कशी होईल, याचा थोडा अंदाज येतो. शाळेत असेही कष्ट आहेत, जे खरोखर मोटेसारखे आहेत. ते यंत्राने जरूर घ्यावेत. लहान शाळेत चार वर्ग आणि दोन मास्तर. एका वर्गाला शिकवतात तेव्हा दुसरा वर्ग कावळे मोजतो. त्या वर्गाला तेवढा वेळ चांगला पाठ ऐकवता आला, तर काय वाईट? मास्तरांचा अर्धा दिवस तक्ते आणि माहिती भरण्यात जातो. ते काम यंत्राने केले तर त्यांनी मुलांत बसावे. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला फोन पुस्तक वाचून दाखवू शकतो. हे तर फारच मोठे काम आहे. घरी गोंडी किंवा भिली बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा पुस्तकाची मराठी त्याला परकी वाटते. त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलणारे साधन उद्या घडले, तर त्याची पहिली दोन वर्षे वाया जाणार नाहीत.

आणि जे कष्ट बैठकांसारखे आहेत, ते मुलानेच काढावेत. वाचणे, लिहिणे, मनात हिशोब करणे, चार जणांपुढे उभे राहून बोलणे.

स्वीडन हा युरोपातला श्रीमंत देश. तिथल्या शाळांत पडद्याची यंत्रे फार होती. २०२३ साली तिथल्या सरकारने पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे काढले. लहान मुलांच्या हातात पुस्तक हवे, असे त्यांना वाटू लागले. ज्यांच्याकडे सगळे आहे ते मागे वळून पाहतात, आणि आपण मात्र नुसते पुढे धावायचे, हे काही शहाणपण नव्हे.

आपल्या हातात काय आहे, असे तुम्ही विचाराल. आहे, पुष्कळ आहे. २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात शंभरांत पंच्याहत्तर माणसे पालकांतली असावी लागतात. आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेत टीव्ही आला, टॅब आला, कोणी नवे यंत्र विकायला आले, तर समितीत बसून विचारायचा तुम्हांला हक्क आहे. वीजबिल कोण भरणार? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? त्यावर मराठीत काय आहे? ते आमच्या मुलांची नावे-गावे कुठे साठवते? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, हे यंत्र चालू असताना आमचे पोर काय करीत असते? नुसते बघत असते की काही करीत असते? विकणारा गोड बोलेल. तुम्ही हा शेवटचा प्रश्न सोडू नका.

समितीत अंगठा देऊन उठून येणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. तुम्ही आता सही करता. सही करण्याआधी कागद वाचता येतो. मग वाचा की!

आठ दिवसांनी वर्ग पुन्हा भरला. ते गृहस्थ आले होते. या वेळी त्यांनी पोरालाही आणले होते. आम्ही वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी बोललो. मोट आणि तालीम ऐकून पोरगा जरा हसला. तो संध्याकाळी तालमीत जातो, हे आम्हांला माहीत होते.

त्याने विचारले, “मग फोन वाईटच का, गुरुजी?”

आम्ही म्हणालो, “नाही रे बाबा. आधी वहीत स्वतः गणित सोडव. अडलास तर त्याला उत्तर मागू नकोस, कुठे चुकलं ते विचार. मग बघू.”

बाप म्हणाला, “पण पाच किलोमीटर?”

त्याला आमच्यापाशी गोड उत्तर नव्हते. पाच किलोमीटर म्हणजे पाच किलोमीटर. पण तिथे पन्नास पोरे आहेत. प्रयोगाची खोली आहे. चुकल्यावर हसणारी आणि मग समजावणारी मित्रमंडळी आहेत. त्या १९५६ सालच्या रेडिओभोवतीची मंडळी ती हीच. घरी फोन घेऊन बसलेल्या पोराभोवती कोण असणार? हे आम्ही सांगितले. सायकल घ्या म्हणून सांगितले नाही. पैसा त्यांचा होता.

त्यांनी जुनी सायकल घेतली. बाराशे रुपयांना मिळाली, मडगार्ड नाही. फोन घरात एकच आहे. तो संध्याकाळी तासभर मुलाला मिळतो.

परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. कंदिलाचे दिवस गेले, तरी वीज गेली होती म्हणून कंदीलच लावला होता. पोरगा आठवीच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत होता. शेजारी त्याची आई बसली होती. ती गेल्याच वर्षी आमच्या वर्गात अक्षरे शिकली. पोरगा भरभर वाचत होता आणि ती ओळीखाली बोट फिरवीत मागून येत होती. मध्येच तिने बोट दाबून धरले. म्हणाली, “थांब. ही ओळ राहिली तुझी.”

पोराने पाहिले. खरेच राहिली होती. तो मागे गेला आणि ती ओळ पुन्हा वाचू लागला.